तुफानचं आडनाव

तुफान पुलाच्या तोंडाशी अडकून पडला याला जबाबदार कोण, असा प्रश्न पुढे घरात निघाला, तेव्हा तात्यांनी त्याचं खापर मोबाइलवर, उन्हावर आणि हल्लीच्या पालकांवर फोडून पाहिलं. पण खरं सांगायचं तर जबाबदार तेच होते. ज्यांनी मरेपर्यंत शाळेत शिकवायचं ठरवलं होतं आणि ज्यांना नियमाने वेळेवर निवृत्त केलं, अशा माणसांच्या हातून हे असंच व्हायचं.

तुफान म्हणजे खेळातला नायक. खेळ तात्यांच्या नातीने, नीरजाने, सुटीत घरात आणला होता. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे एक अख्खा प्रदेश काढलेला. डोंगर, दलदल, काळी नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे काळगड. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. नीरजा तिरंदाज होती. मागच्या गल्लीतले लूमवाले अब्दुर्रहमानशेठ, त्यांची नात रमशा जादूगार होती. वरच्या मजल्यावरचा मिहिर चोर झाला होता, कारण चोराला फारसं काही पाठ करावं लागत नाही असं त्याला वाटत होतं. आणि तुफान तिघांचा मिळून होता. त्याला आळीपाळीने चालवायचं. रमशाने आजोबांच्या लूमवरून एक रिकामी कांडी आणली होती, सूत संपलेली. तिच्यावर स्केचपेनने डोळे आणि मिशा काढल्या की झाला तुफान.

गोष्ट सांगायचं काम तात्यांकडे आलं, कारण घरात रिकामे तेच होते. आणि ते त्यांना जमलंही. मुलांपुढे तात्यांच्या सहनशक्तीला तळ नव्हता. एकच गोष्ट पाचव्यांदा विचारली तरी पहिल्यांदा सांगावी तशी सांगत. ही सहनशक्ती मोठ्यांसाठी मात्र राखून ठेवलेली नव्हती. इमारतीच्या कमिटीतून त्यांना काढलं होतं ते सेक्रेटरीने लावलेली नोटीस लाल पेनाने तपासून, दहापैकी तीन गुण देऊन, फळ्यावर परत लावल्याबद्दल. ज्येष्ठांच्या कट्ट्यावर लोक त्यांना पाहून विषय संपवत. तेव्हा या तीन मुलांनी जर उद्या सांगितलं असतं, की तात्या, तुम्ही नका येऊ, तर गॅलरीत बसून पाण्याचे टँकर बघण्यापलीकडे त्यांना जगात काही काम उरलं नसतं. हे त्यांना माहीत होतं. म्हणून दुपारचे चार वाजायच्या आत ते आंघोळ केल्यासारखे ताजे होऊन सतरंजीवर बसत.

एक भानगड होती. रमशाच्या घरी हा गणिताचा वर्ग आहे असं सांगितलेलं होतं. सांगितलं होतं तात्यांनीच. अब्दुर्रहमानशेठ कृतज्ञतेने आंब्याची पेटी पाठवून मोकळे झाले होते आणि ती पेटी खाऊन संपली होती. आता तोंड वर करून खेळ आहे म्हणून सांगायचं कसं? फासा म्हणजे गणितच, असं तात्या स्वतःला समजावत. पण स्वतःला समजावणं सोपं असतं.

तर तो दिवस असा. तुफान काळ्या नदीच्या पुलावर आला. पुलावर द्वारपाल. द्वारपालाचं बोलणं अर्थातच तात्या बोलत. त्यांनी आवाज घोगरा करून विचारलं, “कोण आहे?”

“तुफान,” मिहिर म्हणाला.

“पूर्ण नाव सांग.”

बोलून गेल्यावर तात्यांना स्वतःलाही कळलं, की हा द्वारपाल नव्हे, हा वर्गशिक्षक बोलला. पण बोललेलं मागे घेण्याची त्यांना सवय नव्हती. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तुफानला आडनाव नव्हतं. मग लावू या, असं ठरलं. मिहिरने आगलावे सुचवलं. रमशा म्हणाली चांदणकोट, ऐकायला छान आहे. नीरजाने विचारलं, तुफान तुफान असं चालेल का. तात्यांनी तिन्ही नाकारली. आडनाव असं हवेतून पडत नाही, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. गावावरून पडतं, धंद्यावरून पडतं, कुणा पणजोबाच्या तापट स्वभावावरून पडतं. आडनाव हे माणसाचं मूळ. आपल्याकडे तर हजेरीत ते आधी येतं, माणूस मागून. योग्य आडनाव मिळेपर्यंत द्वारपाल त्याला सोडणार नाही आणि ते योग्य आडनाव मी शोधून आणतो, असं जाहीर करून त्यांनी फासा डबीत घातला.

मुलं बरं म्हणाली. मोठ्यांच्या मूर्खपणाला मुलं जितक्या सहज बरं म्हणतात, तितक्या सहज मोठी माणसं डॉक्टरलाही म्हणत नाहीत.

तात्यांनी पहिला सल्ला घरातच मागितला. सुमतीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता सांगितलं, “माझं आडनाव एका दुपारी बदललं. नावसुद्धा. ताटात तांदूळ पसरले, तुम्ही अंगठीनं त्यात तीन अक्षरं काढलीत, झालं. मूळ कुठं गेलं म्हणून कुणी शोधायला निघालं नव्हतं.” तात्यांना हा मुद्दा विषयाला सोडून वाटला. बायकोचे बरेच मुद्दे त्यांना तसे वाटत.

जिन्यात तळमजल्यावरच्या कमळताई भेटल्या. कमळताईंना सगळ्या तालुक्यातले लग्नाळू मुलगे आणि मुली तोंडपाठ होत्या. कुणाचं लग्न हुंड्यावरून मोडलं, कुणाच्या पत्रिकेत काय आडवं आलं, कुणाची उंची चपलेसकट सांगितली होती, सगळं. आडनावांच्या बाबतीत त्यांच्याइतकं ज्ञान दुसऱ्या कुणाकडे असणार? तात्यांनी विचारायचं ठरवलं. पण या वयात आपण सतरंजीवर बसून भुताखेतांचा खेळ खेळतो हे कमळताईंना सांगणं म्हणजे आळीला सांगणं. म्हणून मान ताठ ठेवून ते म्हणाले, “माझ्या पाहण्यातला एक मुलगा आहे. त्याच्या आडनावाचा प्रश्न आहे.”

कमळताईंनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

“वय?”

“बावीस-तेवीस असेल.”

“आईवडील?”

“नाहीत.”

“सुटसुटीत,” कमळताई समाधानाने म्हणाल्या. “नोकरी?”

“फिरतीचं काम आहे. जरा धोक्याचं, पण त्याचं नाव आहे.”

“जागा?”

तात्या अडखळले. “एका मोठ्या जागेचा ताबा मिळायचाय. अडलंय थोडं.”

“कुणाला वेळेवर मिळतोय ताबा? नाव काय म्हणालात?”

“तुफान.”

“ते घरातलं असेल. कागदावरचं वेगळं असणार. आणि आडनाव कळत नाही म्हणता.” कमळताईंनी आवाज खाली आणला. यापेक्षा अवघड स्थळं आपण उजवलेली आहेत, तात्यांनी काही काळजी करू नये, असं त्यांनी सांगितलं आणि सल्ला काही न देताच निघून गेल्या. आपल्याला फक्त प्रश्न विचारले गेले, उत्तर मिळालं नाही, एवढंच तात्यांच्या लक्षात आलं. बाकीचं लक्षात यायला त्यांना आठवडा लागायचा होता.

नंतर त्यांना वाटलं, काम पद्धतशीर करावं. आडनाव देण्याचे काही नियम असतील. नाक्यावर दीपेशचं दाखले काढून देण्याचं केंद्र होतं. दीपेशने मान न हलवता कागदपत्रं सांगितली. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, दोन फोटो, आणि जुन्या आडनावाचा पुरावा. तात्या म्हणाले, जुनं आडनाव नाहीच. दीपेश म्हणाला, मग बदलणार काय? तात्या म्हणाले, बदलायचं नाही, लावायचंय. दीपेश म्हणाला, त्याला पर्याय नाही यात. त्याने पडदा तात्यांकडे वळवून दाखवलं. खरंच नव्हता. आडनाव बदलता येत होतं, दुरुस्त करता येत होतं, लग्नानंतरचं काढून लग्नाआधीचं परत घेता येत होतं. नसलेल्या माणसाची सोय मात्र कुणी केलेली नव्हती. तात्यांनी यावर सरकारला उद्देशून चार वाक्यं ऐकवली. दीपेशने ती शांतपणे ऐकली आणि मागच्या माणसाला पुढे घेतलं.

तिथून तात्या अब्दुर्रहमानशेठकडे गेले. दोघं एका वयाचे, एकाच मैदानावर खेळलेले. शेठचं ऑफिस म्हणजे लूमच्या शेडलाच लागून काचेची खोली. काच असूनही आत बोलायचं ते ओरडून. गणिताच्या वर्गामुळे खेळाचं नाव इथेही काढता येईना. तेव्हा तात्यांनी इथेही एक मुलगाच उभा केला, आणि कारखान्याच्या खडखडाटात त्याची हकिकत ओरडून सांगू लागले. शेठला अर्धं ऐकू जात होतं, म्हणून तात्यांनी आणखी जोर लावला, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. गल्लीतल्या सगळ्या शेडमधले लूम एकदम थांबले. त्या शांततेत तात्यांचं वाक्य मशिदीपासून मंडईपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

“त्याला बाप नाही, आडनाव नाही, आणि मला ते आजच्या आज पाहिजे!”

कारागीर शेडच्या दारातून डोकावले. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. तात्यांनी चहाच्या ग्लासात तोंड घातलं.

अब्दुर्रहमानशेठ मात्र गंभीर झाले होते. शेजाऱ्यांचं ऐकणं त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. “तात्या, लडका सरळ आहे ना? मग माझ्याकडे पाठव. लूमवर आडनाव लागत नाही, हात लागतो. पण खोली भाड्यानं घ्यायला गेला की संपलं. नाव ऐकून लोक हसतात, आडनाव ऐकून दार लावतात. मी बघितलंय.” आणि पुढे म्हणाले, “गावाचं नाव लाव त्याला. अमुककर, तमुककर. आमच्यात पण कर आहेत, तुमच्यात पण कर आहेत. विचारणारा दोन मिनिटं विचारात पडतो. तेवढ्यात आत शिरायचं.”

तात्यांना हे एकदम पटलं. इतकं, की हे मला कसं सुचलं नाही याचा त्यांना किंचित रागही आला. आता गाव कुठलं, एवढाच प्रश्न. जवळपासच्या गावांतलं अंबाडी त्यांनी सोडलं, कारण तिथे त्यांचे व्याही होते आणि व्याह्यांचं गाव वीराला देण्याची त्यांची इच्छा नव्हती. पूर्णा म्हटलं तर नाव पूर्णेकर, आणि पूर्णेकर हा कारकून वाटतो, वीर वाटत नाही. वडपे मात्र बरं वाटलं. हायवेवरचं गाव. अर्ध्या देशाचा माल तिथल्या गोदामांतून जातो, तर एक वीर तिथून निघायला काय हरकत आहे? तुफान वडपेकर. तात्यांनी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

कारण ते त्या वेळी रिक्षातच होते. शिक्षकाच्या प्रामाणिकपणाला अंत नसतो. गावात खरे वडपेकर असतील तर त्यांना विचारल्याशिवाय नाव वापरणं बरं नव्हे, असं वाटून ते वडप्याला निघाले होते. कंटेनरांच्या रांगेत रिक्षा इतका वेळ उभी राहिली की तात्यांचा उत्साह वाळून गेला. गोदामांच्या फाटकाशी एका टपरीवर त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, इथे वडपेकर आडनावाचं कुणी राहतं का. टपरीवाल्याने विचारलं, का हो. तात्या म्हणाले, एक मुलगा आहे, आईबाप नाहीत, त्याला ते आडनाव लावायचंय. टपरीवर बाकड्यावर बसलेले दोघे जण चहा अर्धा टाकून उठून गेले. तात्यांना वाटलं, ड्युटीची वेळ झाली असेल.

एवढ्या सगळ्यात आठवडा उलटला होता. तात्या दमून येत, मुलं दिसली की थोडा धीर धरा म्हणत आणि झोपत. मुलं धीर धरून आहेत, तुफान पुलावर उभा आहे आणि तिघांचा जीव आपल्या शोधाकडे लागला आहे, हे चित्र त्यांना झोपेतही सुखावत असे.

अखेर ज्या दुपारी ते आडनाव जाहीर करायला उभे राहिले, त्या दुपारी मुलं सतरंजीवर बसलेली, तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, आणि त्यांनी घसा साफ केला तोच बेल वाजली.

दारात कमळताई होत्या. बरोबर अंबाडीचे एक गृहस्थ, हातात केळ्यांची फणी. त्यांची भाची चंद्रा लग्नाची होती. मुलगा एकटाच आहे, सासू नाही, नाव कमावून आहे आणि मोठ्या जागेचा ताबा येऊ घातलाय, एवढं त्यांना पुरेसं होतं. आडनावाचं आपण सांभाळून घेऊ, असंही ते दारातच म्हणाले. मात्र मुलगा एकदा बघायला हवा.

तात्या बाजूला झाले. त्यांना आत बसवतात न बसवतात तोच खाली मोठी गाडी थांबली आणि नवशा वर आला. हा नवशा वडप्याचा. तात्यांच्या वर्गात असताना त्याला नकाशावर आपली नदी दाखवता येत नव्हती. आता नदीकाठच्या त्याच्या शेतांत गोदामं उभी होती आणि नदी कुणीकडे वाहते याची त्याला अजूनही गरज पडली नव्हती. पण तो तात्यांच्या पाया पडला, कारण सवय. मग कोचावर ऐसपैस बसला.

“सर, वडपेकर कोन आनलाव तुमी?”

तात्यांनी विचारलं, काय बिघडलं.

“वडप्यात वडपेकर कुनी न्हाय. गावात ऱ्हातो तो गावाचं आडनाव लावतच न्हाय, सर. आमी पाटील, आमी भोईर. कर लावतो तो गाव सोडून गेलेला.” नवशाने एकेक बोट मोडत हिशेब मांडला. “म्हंजे याचा आजा गेला असंल. म्हंजे हा परत आलाय. बाप न्हाय, म्हंजे जमिनीवरचा हक्क सोडल्याची बापाची सही न्हाय. आनि हायवेच्या रुंदीकरनाच्या टायमालाच आलाय. सर, तो काय मागतो ते सांगा. घरातल्या घरात मिटवू.”

आयुष्यभर भूगोल शिकवून गावाच्या नावाचा हा अर्थ तात्यांना माहीत नव्हता. पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती. जमिनीवर ज्याची सावली पडत नाही अशा पोरासाठी भावकी गोळा व्हायला निघाली होती. आणि एवढ्यात उघड्या दारातून अब्दुर्रहमानशेठ आत आले. मुलासाठी त्यांनी ऑफिसात कामाची जागा काढली होती, शेडच्या वरची खोलीही रिकामी करून ठेवली होती, आणि तो येईना म्हणून न्यायला स्वतः आले होते.

सगळे बसले. सुमतीबाईंनी पोहे टाकले. ज्या माणसाला लग्न, जमीन आणि नोकरी एकाच दुपारी मिळत होती, तो माणूस फक्त नव्हता. तात्यांनी गोल गोल फिरून सांगितलं, की तुफान बाहेरगावी गेलाय. कधी येईल सांगता येत नाही. फिरतीचं काम.

“कोण, तुफान?” सतरंजीवरून नीरजाने मान वर केली. “हा काय.”

तिने कांडी उचलून दाखवली. डोळे होते, मिशा होत्या.

अंबाडीच्या गृहस्थांनी केळ्यांची फणी हळूच स्वतःकडे ओढून घेतली. कमळताई तात्यांकडे अशा बघू लागल्या, जणू त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांना कुणी इतकं फसवलं नव्हतं. नवशाने कांडी हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पाहून तात्यांना आणखी वाईट वाटलं. माणूस नाही हे कळल्यावर माणसाला एवढा आनंद व्हावा?

अब्दुर्रहमानशेठांनी कांडी ओळखली. आपल्याच लूमची होती. त्यांनी तात्यांना काही विचारलं नाही. नातीला विचारलं. “रमशा, हा गणिताचा वर्ग?”

तात्यांनी ओळखलं. आता ही मुलगी उद्यापासून येणार नाही. मग मिहिरची आई विचार करील, मग नीरजाचे आईवडील. तात्यांना गॅलरीसमोरचा टँकर दिसू लागला.

“हो, दादा,” रमशा आजोबांना म्हणाली. “पूल ओलांडायला तेरा किंवा त्याच्या वर पडायला पाहिजे होते. वीस बाजूंपैकी आठ. म्हणजे पाचात दोन. म्हणून आधी मी जादूनं तीन वाढवून घेतले. मग पाचातले पावणेतीन झाले.”

शेठनी हे मनात फिरवून पाहिलं. सुताच्या भावात आयुष्य गेलेला माणूस तो. “विसात अकरा,” ते पुटपुटले. “बरोबर आहे.” आणि पोह्यांची बशी जवळ ओढली.

तात्यांना सुटल्यासारखं वाटलं. आणि मग त्यांना ते वाक्य नीट ऐकू आलं. पाहिजे होते. वाढवून घेतले. त्यांनी चष्मा सावरून नकाशाकडे पाहिलं. कांडी उचलली होती तिथे गोल ठसा होता, आणि तो ठसा पुलावर नव्हता. तो नदीच्या पलीकडे, काळगडाच्याही मागे, त्यांनी कधी न पाहिलेल्या नव्या चिकटवलेल्या कागदावर होता.

“हा पलीकडे कसा गेला?”

मिहिरने सांगितलं. त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. तात्या आडनाव शोधायला गेल्यावर यांनी एक दिवस वाट पाहिली. मग रमशा गोष्ट सांगू लागली. द्वारपालाने पुन्हा आडनाव विचारलं, तेव्हा तुफान म्हणाला, आधी तुझं सांग. द्वारपालाला सांगता येईना. इतकी वर्षं तो दुसऱ्यांचीच विचारत बसला होता. तो आठवत राहिला आणि हे निघून गेले.

“अजून तिथंच आहे तो,” नीरजा म्हणाली. “आठवतोय.”

तात्या उभेच होते. इस्त्रीच्या सदऱ्यात. तुफान वडपेकर हे नाव त्यांच्या जिभेवर तयार होतं आणि ते आता कुणालाही नको होतं. कमिटीने काढलं तेव्हा त्यांना राग आला होता, कट्ट्यावर लोक गप्प झाले तेव्हा तिरस्कार वाटला होता. आता यातलं काहीच येईना. त्यांनी विचारलं, आणि विचारताना आवाज चौथीतल्या पोरासारखा झाला, “मग मी कोण?”

तिघांनी डोकी जवळ आणून कुजबुज केली. बरीच चर्चा झाली. एकदा मिहिरने जोरात नाही म्हटलं आणि नीरजाने त्याला चिमटा काढला. मग रमशाने निर्णय सांगितला. तात्या द्वारपाल. तुफान परतीच्या वाटेवर पुलावर येईल. द्वारपालाला त्याला एक प्रश्न विचारता येईल. प्रश्न चांगला असेल तर द्वारपालाची सुटका, तो यांच्याबरोबर येऊ शकतो. नसेल तर तो पुलावरच. नाव-आडनाव मात्र विचारायचं नाही.

“सोपं आहे,” असं म्हणून तात्या सतरंजीवर बसले. नीरजाने कांडी पुलावर आणून ठेवली. तात्यांनी घोगरा आवाज काढला. “मूळ गाव कुठलं?”

“तेच आहे हे,” रमशा म्हणाली. “पुन्हा करा.”

“वडील काय करतात?”

“हेपण तेच, तात्या.”

“शिक्षण किती?” कोचावरून कमळताईंनी सुचवलं. त्या रागावल्या होत्या, पण प्रश्नांचा मोह त्यांना आवरला नाही. अंबाडीच्या गृहस्थांनी पगार सुचवला. नवशा म्हणाला, सर, सात-बारा कुनाच्या नावावर हाय विचारा. रमशा प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती. तिच्या आवाजात चीड नव्हती. ती वाट बघायला तयार होती, सगळी सुटी असली तरी.

आयुष्यभर तात्यांनी प्रश्नच विचारले होते. राजधानी विचारली, पर्जन्यमान विचारलं, खंडांची नावं विचारली. त्यातला एकही असा नव्हता ज्याचं उत्तर त्यांना आधी माहीत नव्हतं. ते चाचपडत राहिले आणि सापडेना. त्यांनी कांडीकडे पाहिलं. तिच्या मिशा एका बाजूने पुसट झाल्या होत्या. बराच प्रवास झालेला दिसत होता. कांडीच्या मागे तो नवा कागद होता, त्यावर काहीतरी हिरवं रंगवलेलं, मध्ये एक मोठं भगदाड, आणि भगदाडाभोवती छोटी छोटी घरं. त्यांना ते काय आहे ते कळेना.

“पलीकडे काय आहे रे?” ते म्हणाले. आवाज घोगरा करायचं राहूनच गेलं.

तिघंही एकदम बोलू लागली. भगदाडात एक तळं होतं आणि तळ्यात उलटी वस्ती होती, नाही, आधी ते झाडांचं सांग, झाडं रात्री जागा बदलतात, थांब ना मिहिर, तात्यांना सुरुवातीपासून सांगू दे. तात्या पुढे झुकून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, उलटी म्हणजे कशी, आणि रमशाने सतरंजीवर हाताने आकार करून पुन्हा सांगितलं. त्यांना तरीही कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

नवशा कोचावरून केव्हा खाली सरकला होता कुणी पाहिलं नाही. त्याने त्या हिरव्या कागदावर जाड बोट ठेवलं. “ही जागा हायवेपासनं किती आत हाय?”

“तुमची पाळी नाही, काका,” रमशा म्हणाली. “आधी द्वारपालांना कळू दे.”

आणि नवशा हात मागे घेऊन मांडी घालून बसला.